मराठी, वरून आठवी

रविवारी सकाळी आईने फोन माझ्या हातात ठेवला. "बघ रे, तुझ्या लेकाने यात जिलब्या तळल्यात."

खरंच जिलब्या होत्या. तीन वर्षांच्या चिरंजिवांनी कुठेतरी बोट फिरवून आजीचा फोन जॉर्जियन भाषेत नेऊन ठेवला होता. (जॉर्जियन हे नंतर कळलं. तोवर बायको तेलुगू म्हणत होती आणि आई व्हायरस.)

भाषा बदलायला सेटिंग्जमध्ये जायचं, तर सेटिंग्जही जॉर्जियनच. कपाटाची किल्ली कपाटातच. दातेरी चाक तेवढं ओळखीचं, पुढे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. शेवटी बायकोचा तसलाच फोन शेजारी ठेवला आणि ओळी मोजत उतरलो. एकदा मोजणी चुकली, तर फोन लाल अक्षरांत काहीतरी निर्वाणीचं विचारायला लागला. गुपचूप मागे आलो.

अखेर भाषांची यादी उघडली. प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत नाव लावून उभी होती, हे ज्याला सुचलं त्याचं भलं होवो. 'मराठी' जॉर्जियनमध्ये लिहिलं असतं तर मी जन्मात ओळखलं नसतं. पण क्रम? मी भाबडेपणाने रोमन लिपीतला एम गाठला. तिथे मग्यार, म्हणजे हंगेरियन. मग मेलायू, म्हणजे मलय. पुढे ग्रीक, मग रशियन वळणाची मंडळी. त्यांत पुन्हा एम दिसला म्हणून थबकलो, तर मॅसेडोनियन! आर्मेनियन, हिब्रू, उर्दू, अरबी... अंगठा भरून आला. आणि एकदम नेपाली, मराठी, हिन्दी. न, म, ह. अगदी बाईंनी फळ्यावर लिहून दिल्यासारखं.

जगातल्या अक्षरांना नंबर देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीचा गठ्ठा अरबीच्या नंतर आणि बंगालीच्या आधी येतो, त्याच रांगेत ही यादी लावलेली. म्हणजे आपण घरचेच, पण मांडवात बरेच मागे.

मराठीवर बोट ठेवलं, तर ती आली ती थेट तळाला. एक जॉर्जियन, दोन इंग्रजी, तीन मराठी. फोन बोलणार पहिल्या नंबरची भाषा. मग ओळीच्या कडेच्या आडव्या रेघा दाबून धरायच्या आणि ओळ वर ओढायची. मी ओढली, इंग्रजीपर्यंत गेली आणि सुटली. पुन्हा ओढली. पुन्हा सुटली. (इंग्रजीशी अडखळायची खोड मला शाळेपासूनच आहे.)

"आण इकडे," आई म्हणाली. "लग्नपत्रिका केलीयस का कधी?"

आमच्या घराण्यातल्या पत्रिकांचा मजकूर आईच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नाही. एका लग्नात 'आपले विनीत'मध्ये आत्याच्या यजमानांचं नाव थोरल्या काकांच्या वर छापलं गेलं आणि काका अक्षता टाकून न जेवता निघून गेले, तेव्हापासून. कोण कोणाच्या वर, हा तिचा विषय. तिने मराठी धरली आणि एका दमात वर नेऊन बसवली. जिलब्या गेल्या.

"जॉर्जियन काढून टाकू?"

"राहू दे शेवटी. पाहुणा आहे."

मला आता चेव आला होता. खिशातून पाचशेची नोट काढून मागची पट्टी तिला दाखवली. पंधरा भाषा, त्याही इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे. आसामी पहिली, उर्दू शेवटची. मराठी आठवी. वर मल्याळम, खाली नेपाळी.

"सात वर, सात खाली," मी म्हणालो. "बरोबर मधोमध. मानाची जागा आहे की नाही?"

आईने चष्मा वर करून नोट नीट पाहिली.

"पंगतीत मधोमध बसू नये," ती म्हणाली. "तूप दोन्हीकडून संपत येतं."