बेणं काय कंपनी देणार?

'सरकारी शेती संशोधन संस्था पांढरा हत्ती झाल्यात, बंद करा, खासगी कंपन्या बघून घेतील' असं लेखात म्हटलंय. लेखकांनी कधी उसाची लागण केलीय का? मी मिरज तालुक्यातला. उसाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, एकदा आणलं की पुढं आपल्याच मळ्यातलं, नाहीतर भावकीतलं. दरवर्षी बियाण्याची पिशवी विकता येत नाही, मग कंपनी यात पैसे कशाला घालील? उसाची को ८६०३२ ही जात घ्या. नावातला ८६ म्हणजे १९८६. संकर कोइमतूरच्या सरकारी ऊस संस्थेचा, आणि पाडेगावच्या सरकारी ऊस संशोधन केंद्रानं तो इथल्या मातीत पारखून 'नीरा' नावानं दिला तेव्हा १९९६ उजाडलं होतं. दहा वर्षं थांबणारा शेठ दाखवा! आमच्या नदीकाठच्या दोन एकर क्षारपडीत, म्हणजे खारवट रानात, फुले २६५ या सरकारी जातीनंच काय तो तग धरला. (तोड उशिरा येते, तो विषय वेगळा.)

सरकारी केंद्रांत सगळं आलबेल आहे असं नाही. एका ठिकाणी बेण्याच्या दोन डोळ्यांच्या टिपऱ्यांसाठी मी तीन हेलपाटे घातलेत. साहेब जाग्यावर नाहीत, निम्म्या खोल्यांना कुलूप. शिपायाला विचारलं तर म्हणाला, माणसंच भरली नाहीत. आधी जागा रिकाम्या ठेवायच्या, मग काम होत नाही म्हणून बंद करायचं, हा कुठला हिशेब?