तेर द एर्मेस की देक्लारास्यों : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. 'तेर द एर्मेस हे परफ्यूम दोन तासांत उडून जाते, म्हणून कार्तिएचे देक्लारास्यों घ्यावे' हा माझ्या लेखातला निष्कर्ष तुम्हाला पटलेला नाही. तुमच्या सदऱ्यावर तेर दुसऱ्या दिवशीही दरवळते, आणि दोन्ही परफ्यूम झाँ-क्लोद एलेना या एकाच गंधकाराने रचलेली असल्याने त्यांत निवडण्याजोगा फरक नाही, असे तुम्ही म्हणता.

टिकण्याबद्दल तुमचेच बरोबर आहे. तेरमध्ये आयसो ई सुपर नावाचे कृत्रिम, लाकडासारख्या वासाचे द्रव्य भरपूर आहे आणि नाक त्याला लवकर सरावते. त्यामुळे लावणाऱ्याला गंध संपला असे वाटत असताना शेजारच्याला तो येतच असतो. तुमचे लिहिणे वाचून मी डाव्या मनगटावर तेर आणि उजव्या मनगटावर देक्लारास्यों असा एकेकच फवारा पुन्हा मारला. चार तासांनी मला डाव्या हाताला जवळजवळ काहीच जाणवेना, पण बाहेरून आलेल्या बहिणीने दारातच विचारले, "हा ओल्या लाकडाचा वास कुठून येतोय?" मी माझ्या नाकावर विसंबून निकाल दिला, ही चूक मला मान्य आहे.

दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. देक्लारास्यों १९९८चे, तेर २००६चे. दोन्हींत वर संत्रावर्गातील फळांचा कडसरपणा आणि तळाशी वाळा व सिडार आहे, हे खरे. पण तेरमधली मिरी केवळ फळाला आणि गारगोटीसारख्या कोरड्या, खनिज वासाला धार लावते, तर देक्लारास्योंमध्ये मसाला हाच सगळा डोलारा आहे. आधी हिरवा, थंड वेलदोडा येतो, आणि तो ओसरू लागला की त्याखालून जिरे वर येते. हे जिरे कागदाच्या पट्टीवर सभ्य वाटते. घामेजल्या मानेवर मात्र कोणाला त्यात त्वचेची ऊब जाणवते, तर कोणाला दिवसभर घातलेल्या सदऱ्याची कॉलर. थंड हवेत माझ्या अंगावर ते स्वच्छ राहते आणि मला मनापासून आवडते, म्हणून माझी पसंती अजूनही तेच आहे. परंतु ज्यांना एकच बाटली घेऊन ती उन्हाळ्यातही वापरायची आहे, त्यांनी तेर घ्यावे, असे आता मी म्हणेन. देक्लारास्यों घेण्याआधी ते उकाड्याच्या एका दिवशी स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिलेच पाहिजे.

मूळ लेखातला टिकाऊपणाचा परिच्छेद मी आजच दुरुस्त करतो. तुमच्याकडचे तेर ओ द त्वालेत (म्हणजे सौम्य रूप) आहे की २००९ साली आलेले पार्फम, एवढे कृपया कळवा, कारण माझी तुलना फक्त पहिल्याशी होती आणि पार्फम मुळातच अधिक दाट आहे.