वाळू काढू नका, झोत वळवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मरीन टँकमधली (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली) बारीक वाळू आणि पाण्याचा जोर या विषयावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तरच देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तीन फुटी टँकमध्ये बारीक वाळू घातली, ताशी चार-चार हजार लिटरचे दोन वेव्हमेकर (टँकमध्ये झोत सोडणारे पंप) समोरासमोर लावले. कित्येक दिवस पाणी दुधासारखं राहिलं, मग टँकच्या मधोमध खड्डा पडून तळाची काच दिसू लागली. जोर कमी केला तर दगडांमागे घाण साचली. म्हणून नवशिक्यांना बारीक वाळू सुचवणं ही दिशाभूल आहे. तळ उघडा ठेवावा, नाहीतर जाड चुरा किंवा कोकणातल्या किनाऱ्यावरची जड वाळू घालावी आणि साफसफाईला समुद्रकाकडी (तळावर राहणारा एक समुद्री प्राणी) सोडावी.

तुमचा त्रास खराच आहे. पण त्याचा दोष तुम्ही वाळूला दिलात आणि तो मला पटत नाही. पाणी दुधाळ होणं आणि खड्डा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणंही वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी दुधाळपणा. तो वाळूमुळे येत नाही, वाळूबरोबर पिशवीतून आलेल्या भुकटीमुळे येतो. अ‍ॅरागोनाइटचा (टँकची वाळू ज्या चुनखडीसारख्या खनिजाची असते त्याचा) ०.०३ मिमीचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम १ मिमी खाली जातो, म्हणजे दीड फूट पाण्यातून तळाला पोचायला त्याला सात-आठ मिनिटं लागतात. ०.०१ मिमीच्या कणाला सव्वा तास लागतो. पंप चालू असताना एवढी उसंत त्याला मिळतच नाही, तो फिरतच राहतो. म्हणून वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन, वरचं पाणी निवळ येईपर्यंत धुवायची आणि शेवटचं पाणी आरओचं घ्यायचं. त्यातूनही जे राहील ते फिल्टर वूलमध्ये अडकवायचं आणि वूल रोज बदलायचं.

खड्ड्याची गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वीडनच्या फिलिप युल्स्ट्रॉम यांनी १९३५ साली नद्यांच्या गाळाचा अभ्यास करून एक आलेख मांडला. तळावरचा कण हलवायला पाण्याला किती वेग लागतो, हे त्यात दिसतं. सगळ्यात सहज हलते ती साधारण ०.२ ते ०.५ मिमीची वाळू. त्याहून मोठे कण वजनामुळे जागेवर राहतात आणि चिकणमातीसारखे फार बारीक कण एकमेकांना धरून बसतात. आपण ज्या बारीक रव्यासारख्या वाळूच्या प्रेमात असतो, ती नेमकी या अडचणीच्या पट्ट्यात येते. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण तो आलेख पाण्याच्या वेगाबद्दल बोलतो, आणि पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा ताशी लिटरचा असतो. तुमच्या टँकमध्ये सुमारे १९० लिटर पाणी, त्याला ८००० लिटर म्हणजे चाळीसपटीहून थोडं जास्त. मरीन टँकला हे अजिबात भलतंसलतं नाही. तेवढंच पाणी दुप्पट व्यासाच्या तोंडातून बाहेर पडलं, तर झोताचा वेग चौथाई होतो. शिवाय झोत जितका लांब जाईल तितका पसरतो आणि मंदावतो.

मग तुमच्याकडे खड्डा मधोमधच का पडला? दोन झोत एका रेषेत समोरासमोर येऊन मध्यावर आदळले की पाणी वर, खाली आणि बाजूंना फेकलं जातं. खाली जाणारं पाणी थेट वाळूवर आपटतं आणि वाळू बाजूला सारतं. खड्डा काचेलगत असता तर मी वेगळं कारण शोधलं असतं, कारण एकच झोत समोरच्या काचेवर आपटून खाली वळला की तिथे खोदतो. तुमचा खड्डा स्वतःच कारण सांगतोय.

तेव्हा जोर कायमचा कमी करू नका. दोन्ही वेव्हमेकर पृष्ठभागापासून तीन-चार इंचांवर आणा आणि तोंड किंचित वर करा, म्हणजे वरचं पाणी हलेल आणि प्राणवायूही नीट मिसळेल. एक पुढच्या काचेकडे झुकवा, दुसरा मागच्या काचेलगत दगडांच्या पाठीमागून जाऊ द्या. दोघांची रेघ जुळता कामा नये. पाणी वरून एका दिशेला जाईल आणि तळालगत पसरून, मंद होऊन परत येईल. दगडांमागची घाणही त्याच वाटेने निघेल. पंपाला वेग कमी-जास्त करायची सोय असेल तर नव्या वाळूवर सुरुवातीचे काही आठवडे निम्म्यावर चालवा. या काळात जीवाणू आणि डायटमचा (सूक्ष्म, तपकिरी शैवालाचा) चिकट थर कणांना बांधतो आणि त्यानंतर तीच वाळू जास्त वेग सोसते. तो तपकिरी थर दिसला की लोक वाळू ढवळतात, ते कृपा करून टाळा.

आता उघड्या तळाबद्दल. हा सल्ला मुख्यतः परदेशातल्या, जोराच्या प्रवाहात वाढणाऱ्या कठीण प्रवाळांच्या टँकवरून येतो. तिथे तो योग्यच आहे. आपल्याकडे कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित यादीत, आहेत. म्हणून आपल्या टँकमध्ये मुख्यतः मासेच असतात, आणि माशांपैकी हॅलिकोएरीस गटातले रास (wrasse) मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. व्हॅलेन्सिएना गोबी हा मासा तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून चाळतो, तेच त्याचं जेवण. त्यांच्या पायाखालची वाळू काढून घेणं मला मान्य नाही. तुम्ही सुचवलेला ३-५ मिमीचा चुराही नको : गोबीला तो चाळता येत नाही आणि त्याच्या फटींत कुजणारं अन्न नायट्रेट वाढवतं.

कोकणातल्या वाळूबद्दल स्पष्टच सांगतो, तिला हात लावू नका. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं. ते पंपाच्या चुंबकाला चिकटून रोटर घासतं आणि काच पुसायच्या मॅग्नेटखाली येऊन ओरखडे पाडतं. शिवाय सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांत किनाऱ्यावरची वाळू उपसायला बंदी आहे. समुद्रकाकड्याही २००१ सालीच सरसकट अनुसूचीत आल्या, त्यामुळे दुकानदार देतो म्हणाला तरी घेऊ नका. वाळू मोकळी ठेवायला नासारियस गोगलगायी पुरतात.

वेव्हमेकर हलवल्यावर खड्डा हाताने बुजवा आणि आठवडाभर थांबा. पुन्हा तिथेच पडला तर टँकचे समोरून आणि वरून असे दोन फोटो पाठवा. मग दगडांची मांडणी तपासावी लागेल, कारण दगडाच्या बुडाशी पाणी अरुंद वाटेतून जाताना वेग घेतं आणि तिथेच वाळू खोदली जाते.