कॅसिनोवर भांडा, पण इमारतीबद्दल पण कधी बोला

२०२३ ला महाराष्ट्र सरकारने कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा रद्द केला. गंमत म्हणजे तो कधी लागूच झाला नव्हता, इतकी वर्षं नुसता पुस्तकात पडून. तरी आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर विषय संपत नाही. कोणीतरी गोव्याला जाऊन येतं, मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींचे फोटो टाकतं आणि मग सुरू, काका म्हणतात संस्कृती बुडाली, चुलतभाऊ म्हणतो टॅक्स बुडाला, आणि मी सिंगापूरला बांधकामात आहे म्हणून शेवटी मला टॅग करून विचारतात, तुमच्याकडे बघा कसं झ्याक केलंय, आपल्याला का नाही जमत?

तर झ्याक केलंय ते मरीना बे सँड्स, म्हणजे कॅसिनो आणि हॉटेलचा मोठा प्रकल्प, तीन टॉवर आणि वर जहाजासारखं काहीतरी ठेवलेलं, फोटो सगळ्यांनी बघितलाय. कॅसिनो आणावा की नाही यावर इथेही भरपूर वाद झाला होता, मंत्रिमंडळातही एकमत नव्हतं, शेवटी एप्रिल २००५ मध्ये पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी होकार जाहीर केला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. सरकारने जमिनीची किंमत आधीच ठरवून टाकली, १.२ अब्ज सिंगापूर डॉलर, म्हणजे जास्त बोली लावून जागा मारायची सोयच नाही, मग कंपन्यांनी भांडायचं कशावर तर डिझाइनवर आणि पर्यटक किती येतील यावर. जुगाराच्या जागेला तेव्हा १५,००० चौरस मीटरची मर्यादा घातली. पूर्ण प्रकल्पाच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, बाकी हॉटेल, कन्व्हेन्शन सेंटर, दुकानं, थिएटर. आणि इथल्या नागरिकाला आत जायचं तर २४ तासांसाठी आधी १०० डॉलर भरायचे, २०१९ पासून १५०.

आता बांधकाम. जागा समुद्रात भराव टाकून केलेली, खाली मऊ सागरी चिकणमाती, तिच्यात नेहमीसारखं तळघर खणायचं तर दोन्ही बाजूंच्या भिंती आत येऊ नयेत म्हणून मध्ये स्टीलच्या आडव्या टेकूंचं जंगल उभं करावं लागतं आणि मग त्या जंगलात पोकलेन फिरवायचा कसा? इथे त्यांनी काही ठिकाणी डायफ्रॅम वॉल, म्हणजे खणायच्या आधीच जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, चक्क गोल बांधल्या, शंभर मीटरहून जास्त व्यासाच्या, म्हणजे विहिरीला जसं मातीचा दाब कड्यावर सगळीकडून येतो आणि कडं अजून घट्ट बसतं तसं. मध्ये टेकू नाहीत, गाड्या आत मोकळ्या फिरल्या, वेळ वाचला. फोटोत यातलं काही दिसत नाही पण मला विचाराल तर खरी हुशारी तिथेच आहे.

टॉवर पण सरळ नाहीत. प्रत्येकाला दोन पाय, त्यातला एक जास्तीत जास्त २६ अंश कललेला, आणि दोन्ही २३ व्या मजल्याच्या आसपास एकत्र येतात. तोपर्यंत कललेला पाय सारखा पडायला बघणारच, म्हणून तात्पुरते स्टीलचे टेकू आणि प्रीस्ट्रेसिंगच्या, म्हणजे काँक्रीटला आवळून धरणाऱ्या, केबल ताणून धरून ठेवला. वरचं ते जहाजासारखं, म्हणजे ३४० मीटरचा स्कायपार्क, तुकड्यातुकड्यांनी जॅकने उचलून बसवला. वाऱ्यात तीन टॉवर वेगवेगळे हलणार म्हणून वरच्या स्विमिंग पूलमध्ये पण हालचालीचे जॉइंट आहेत. तो स्विमिंग पूल बाहेरून एकसंध दिसतो हे सोडा.

आणि कॅसिनो या टॉवरांच्या खाली नाहीच, रस्त्यापलीकडच्या बुटक्या ब्लॉकमध्ये आहे. कॅसिनोला मोठा हॉल लागतो, मध्ये कॉलम नकोत, आणि हॉटेलच्या खोल्यांना दर काही मीटरवर भिंत किंवा कॉलम. एकावर एक ठेवलं की मध्ये वरच्या कॉलमचा भार बाजूला वळवणारे प्रचंड ट्रान्सफर बीम टाकावे लागतात, ते पैशाने जमतं. धुराचं काय? २१ नोव्हेंबर १९८० ला लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडला खालच्या मजल्यावर आग लागली, ८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर, ज्वाळांनी नाही, जिन्यांतून आणि लिफ्टच्या शाफ्टमधून वर चढलेल्या धुराने. कॅसिनोत स्प्रिंकलर नव्हते. का, तर जागा चोवीस तास चालू असते, आग लागली तर कोणाला तरी दिसेलच!!

गोव्याकडे बघा आता. तिथल्या जुगार कायद्यातल्या १९९६ च्या दुरुस्तीने टेबलवरचा जुगार बोटीवर चालतो, जमिनीवर पंचतारांकित हॉटेलात फक्त इलेक्ट्रॉनिक मशीन. म्हणजे नको पण आणि हवं पण, त्यातून नदीत बोटी आल्या. रात्री गर्दी असताना आग लागली तर एवढी माणसं छोट्या फेरीबोटींनी किती वेळात काठावर येतील, हा प्रश्न काका पण विचारत नाहीत आणि चुलतभाऊ पण नाही.

आपल्याला जमत नाही हे मात्र चूक. मुंबईच्या पोटातून मेट्रो ३ काढली, नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, नदी वळवली. तंत्राची कमी नाही. आणि सिंगापूरचं फार कौतुकही नको, इथल्या साइटवर राबणारे बहुतेक बांगलादेश, तामिळनाडूकडचे, आजही लॉरीच्या मागे बसून येतात, २०२० मध्ये त्यांच्याच डॉर्मिटरीत कोविड सगळ्यात जास्त पसरला.

मी स्वतः महाराष्ट्रात कॅसिनो नको याच बाजूचा आहे, चुलतभावाला राग येऊ दे. पण गोव्यातल्या बोटी काठावर आणायची चर्चा परत निघेल तेव्हा जागेची किंमत आधी ठरवणार की बोली लावणार, कॅसिनो वेगळ्या ब्लॉकमध्ये की खोल्यांच्या खाली, आणि धूर कुठून बाहेर काढणार, एवढं तरी टेंडर निघायच्या आधी कोणीतरी विचारा. ग्रुपवर नको, पणजीत.