निवडीची संधी आमच्यातही आहे
एका लेखात म्हटलंय की मुलांना लहानपणी देव शिकवू नये, मोठी झाली की ती स्वतः ठरवतील. मला हे पटत नाही. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. आजी संध्याकाळी चुलीपुढे भाकरी थापता थापता 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हणायची. त्यात 'आमची रोजची भाकर' आलं की पिठाचे हात क्षणभर थांबायचे. देव मला तिथे कळला, चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलची वचनं पाठ केली ती नंतर. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणायचो, अर्थ फार पुढे उमगला.

आणि निवडीचं म्हणाल तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, पण दृढीकरणाला, म्हणजे जाणतं झाल्यावरच्या विधीत, मूल स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देतं. नाही म्हणायचं तर तेव्हा म्हणता येतं.

परवा माझ्या सात वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, शेजारच्या आजोबांसाठी प्रार्थना केली तरी ते गेलेच ना?" मी म्हटलं, "हो रे, का ते मलाही कळत नाही." त्याला जवळ घेतलं. मग त्यानेच हात जोडले, आता एकट्या राहिलेल्या आजींसाठी.