चंद्रभागेचा पैसा पुण्यात का?

आषाढी जवळ आली की एक संदेश हमखास फिरतो: ‘चंद्रभागा पंढरपूरची, पैसा मात्र पुण्याला. मुळा-मुठेला 990 कोटी आणि वाळवंटाला ठेंगा. नदी सुधारणेचा निधी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूरला सारखा वाटा, नाहीतर काठाच्या लांबीवर वाटा.’ पुण्यातल्या मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं, भीमा उजनी धरणातून पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरला येते, आणि तिथे तिलाच चंद्रभागा म्हणतात. म्हणून यातली चीड रास्त आहे. हिशेब मात्र चुकलेला आहे, आणि त्याचा फटका सोलापूरलाच बसेल.

‘सोलापूरचा पैसा पळवला.’ नाही. 990.26 कोटींचा तो प्रकल्प राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतला, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावरचा. केंद्र सरकारचा वाटा 85 टक्के, पुणे महापालिकेचा 15. 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं, क्षमता रोज 396 दशलक्ष लिटर. हा निधी त्याच कामाला बांधलेला आहे, पुण्याने नाकारला असता तरी पंढरपूरकडे वळला नसता. जाब विचारायचाच तर उशिराचा विचारा. मूळ मुदत जानेवारी 2022 ची होती आणि तेव्हा या केंद्रांचं बांधकाम सुरूही झालं नव्हतं. तेवढी वर्षं मैला उजनीत येत राहिला.

‘तिघांना सारखा वाटा.’ माणशी 135 लिटर पाणी धरलं तर त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं. म्हणजे 10 लाख वस्तीमागे रोज 108 दशलक्ष लिटर. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे 200 मिलिग्रॅम धरला, तर नदीवर रोज 21.6 टन भार पडतो. शुद्धीकरण केंद्राने बीओडी 10 मिलिग्रॅमवर आणला तर 20 टनांहून जास्त भार वाचतो. 50 हजार वस्तीच्या गावाचा एकूण भारच 1.1 टनाच्या आसपास. दोघांना सारखी रक्कम दिली तर मोठ्या शहराचं केंद्र अर्धवट राहतं, आणि अर्धवट केंद्र अर्धंही काम करत नाही: मुख्य वाहिनी आहे पण पंपगृह नाही, म्हणजे मैला नाल्यातच. लहान गावाकडे उरलेला पैसा मग घाटाच्या फरशा आणि दिव्यांवर जातो. त्याने पाण्याचा बीओडी तसूभर हलत नाही.

‘लांबीवर वाटा.’ भीमा बऱ्याच अंतरात जिल्ह्यांची हद्दच आहे. एका काठाला दौंड, तर समोर श्रीगोंदा. पुढे उजनीच्या फुगवट्याच्या एका अंगाला इंदापूर, दुसऱ्या अंगाला करमाळा. तोच किलोमीटर दोन जिल्हे आपापल्या खात्यात धरणार. शिवाय घाण लांबीत नसते, ती नाल्यांच्या तोंडाशी असते.

‘पंढरपुरातली घाण सगळी पुण्याची.’ इथे मात्र बारकाईने बघायला हवं, कारण मैल्यातली घाण दोन प्रकारची असते. नायट्रोजन आणि फॉस्फरस मरत नाहीत. ते उजनीत साठतात, पाणी हिरवं पडतं, जलपर्णी माजते, आणि तेच पाणी जलवाहिनीने सोलापूर शहराला प्यायला जातं. हा भार वरच्या शहरांचा, तो तिथेच अडवायचा. विष्ठेतले जंतू मात्र धरणात पाणी दीर्घकाळ साठून राहिल्यावर बरेचसे मरतात. म्हणून पुंडलिकाच्या मंदिरापाशी विष्ठेतले जे कोलिफॉर्म जंतू सापडतात, ते मोठ्या प्रमाणात जवळच्या नाल्यांचे आणि वारीत वाळवंटात होणाऱ्या हागणदारीचे असतात. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा 100 मिलिलिटरला 2,500 आहे. पुण्यात कितीही केंद्रं उभारा, हा आकडा पंढरपुरातलं काम केल्याशिवाय उतरणार नाही. तेव्हा पंढरपूरने हक्काने मागायचं ते हे: नाले वळवणं, वारीच्या गर्दीला पुरतील एवढी शौचालयं, त्यांचा मैला उपसणाऱ्या गाड्या आणि तो रिकामा करायला जागा. उजनीतून जास्त पाणी सोडून घाण पातळ करणं हा उपाय नव्हे, ते पाणी शेतीच्या आवर्तनातलं असतं.

‘केंद्र बांधलं की नदी स्वच्छ.’ बांधकामाला निधी मिळतो, चालवायला बहुतेकदा मिळत नाही, आणि सगळं बिघडतं ते इथे. नाल्याच्या जाळीत प्लास्टिक अडकतं, पंप बंद पडतो, पाणी बायपासने थेट नदीत. वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं की टाकीत हवा सोडणारा ब्लोअर थांबतो. हवेच्या टाकीतले जिवाणू मेले की ते पुन्हा वाढायला बरेच दिवस लागतात, आणि तोवर केंद्र कागदावरच चालू असतं. पावसाळ्यात नाल्यात पावसाचं पाणी शिरून आवक क्षमतेबाहेर जाते. गाळ वाळवायचे वाफे भरले की गाळही रात्री नदीतच.

म्हणून वाटप जिल्ह्यांच्या नावावर न करता रोज किती किलो भार थांबला यावर करा. मंजुरीच्या आदेशातच किमान 10 वर्षांच्या देखभालीची तरतूद घाला. दौंडला, उजनीच्या खाली आणि पंढरपुरात दर महिन्याला नमुने घ्या, तेही तिन्ही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींसमोर, आणि पुढचा हप्ता त्या आकड्यांवर सोडा. वरच्या शहराचा आकडा सुधारला नाही, तर त्याचा हप्ता अडवायचा अधिकार खालच्या जिल्ह्याला हवा. आज तो नाही.