गुंडांना पगार? मग बाल्टिमोरचं ऐका

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत एक मजकूर सध्या फोनाफोनी फिरतोय : "शहरांतला गोळीबार थांबवायला सरकार गुंडांनाच पगार देतंय. पैसा पाण्यात, फरक शून्य. त्या वस्त्यांनाच आपल्या पोरांची पर्वा नाही. पोलीस वाढवा, बास!" मी बाल्टिमोरमध्ये राहते. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 'गुंडांना पगार'. मध्यस्थी करून गोळीबार होण्याआधीच थांबवणाऱ्या इथल्या 'सेफ स्ट्रीट्स' या उपक्रमातले बरेच जण तुरुंगात जाऊन आलेले आहेत, खरं आहे. कामाला तेच उपयोगी पडतं. समजा, रात्री एका पोराला गोळी लागली. इस्पितळाबाहेर मित्र जमलेत, मारणारा कोण ते त्यांना ठाऊक आहे, उजाडायच्या आत उट्टं काढायचं चाललंय. तिथे तुम्ही-मी जाऊन काय बोलणार? तिथे या उपक्रमाच्या नारिंगी टीशर्टातला, त्याच गल्लीत वाढलेला, शिक्षा भोगून आलेला दादाच लागतो. तो एकेकाला बाजूला घेतो, "तू आत गेलास तर आईकडे कोण बघणार?" म्हणतो, दुसऱ्या बाजूच्या ओळखीच्याला फोन लावतो आणि पोरं घरी जाईपर्यंत हलत नाही. कानावर आलेलं तो पोलिसांना सांगत नाही, म्हणून तर पोरं त्याच्याशी बोलतात. एका गोळीबारातून दुसरा लागतो, साथीसारखा, हे ओळखून डॉ. गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञांनी २००० साली शिकागोत ही पद्धत सुरू केली. कॉलरा-क्षयाच्या साथीतही वस्तीतलीच माणसं हाताशी धरावी लागतात, हा त्यांचा अनुभव होता.

यात काही जण घसरलेही. २०१५ मध्ये इथल्या एका शाखेच्या कार्यालयात बंदुका सापडल्या. ते लपवण्यात अर्थ नाही.

'फरक शून्य' मात्र साफ खोटं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात, 'सेफ स्ट्रीट्स' जास्त काळ चालू असलेल्या पाच वस्त्यांमध्ये पहिल्या चार वर्षांत खून सरासरी ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये तर बंदूक चालवल्याचा संशय असलेल्या तरुणांनाच मार्गदर्शक आणि महिन्याला हजार डॉलरपर्यंत भत्ता दिला. बंदुकीने होणारे मृत्यू आणि त्यामुळे इस्पितळात जावं लागण्याचे प्रसंग मिळून ५५ टक्के घट दिसली. बंदुकीशिवायची हिंसा तिथे थोडी वाढली, हेही त्याच अभ्यासात आहे. पिट्सबर्गमधला असा मध्यस्थीचा प्रयोग फसला. सगळीकडे सारखं यश नाही, पण शून्य कुठून आणलंत?

पोलिसांबद्दल थोडक्यात. पोलीस नकोत असं इथे मी म्हणत नाहीये. बोस्टनमध्ये १९९६ साली पोलीस, पाद्री आणि रस्त्यावरचे कार्यकर्ते एकत्र उतरले, तेव्हाच तरुणांचे खून झपाट्याने घटले.

आणि 'पर्वा नाही'? हे वाक्य सर्वांत जास्त लागलं. जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२२ या एका वर्षात 'सेफ स्ट्रीट्स'चे तीन कार्यकर्ते गोळ्या लागून गेले. ज्या वस्त्यांना पर्वा नाही म्हणता, तिथलीच ही माणसं. हे काम आजही चालू आहे. वस्तीत गोळी चालली की दोन-तीन दिवसांत त्याच चौकात माणसं जमवायची, अशी या कामाची रीतच आहे. आया येतात, चर्चमधली माणसं येतात, दुकानदार येतो. जिथे पोरगा पडला तिथेच उभं राहून ती सगळी नाव घेऊन सांगतात, आमचा होता.